खोकणाऱ्या कोंबड्यांचा रिपोर्ट

वास आधी आत आला, माणूस मागून. मी टेबलावर मान घालून म्हशीच्या रक्ताच्या काचा बघत होते. आमच्या प्रयोगशाळेत झाडलोटीपासून इन्क्युबेटरपर्यंत सगळं बघणारे साठीतले मामा बाहेरूनच ओरडले, "अवं, ते तितंच ठेवा! आत आनू नका!" तोवर उशीर झाला होता. दारात एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. हातात युरियाचं पोतं, आणि पोत्याचा खालचा कोपरा ओला.

"जय हिंद, मॅडम. तीन कोंबड्या आणल्यात. तपासून द्या."

"कधी मेल्या?"

"दोन काल. एक परवा."

फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन चटके द्यायला लागलं होतं. हा माणूस कडेगावच्या पलीकडून मोटरसायकलवर ते पोतं बांधून कुपवाडपर्यंत आला होता. पोतं उघडायचीही गरज नव्हती. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तसंच परत कसं पाठवायचं, म्हणून मागच्या ओट्यावर नेऊन उघडलं. पोटं हिरवी पडलेली. श्वासनळी उभी चिरली तर आत नुसता लगदा.

मी चिडले. मला चिडायला फार वेळ लागत नाही, आणि वीस वर्षं हे काम केल्यावर तर मुळीच लागत नाही.

"हवालदार," मी म्हटलं, कारण फॉर्मवर त्यांनी नावाच्या आधी तेच लिहिलं होतं, "यातून मी काय शोधू? विषाणू जिवंत पेशीत असतो. कोंबडी मेली, उन्हात तापली, कुजली, की तोही गेला. बाजारातून मासळी आणता तेव्हा बर्फातून आणता ना?"

"आमी मासळी खात न्हाई, मॅडम."

मामा तोंड फिरवून हसले. हवालदार हसले नाहीत. त्यांनी माझं सगळं बोलणं दोन्ही हात मांडीला चिकटवून, परेडवर उभं राहावं तसं उभं राहून ऐकून घेतलं. त्यामुळे मला आणखीच चिडचिड झाली. भांडणाऱ्या माणसावर चिडणं सोपं असतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मात्र नीट सांगितलं. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी उसाच्या कडेला अंड्यांच्या कोंबड्यांच्या तीन शेड बांधल्या होत्या. पहिल्या शेडमध्ये पंधरा दिवसांपासून कोंबड्या शिंकत होत्या. संध्याकाळी सगळं शांत झालं की शेडभर घरघर ऐकू यायची. मरत होत्या त्या एखाद-दुसऱ्याच. पण अंडी निम्म्यावर आली होती, आणि जी येत होती त्यांच्या कवचावर सुरकुत्या. फोडलं की आतला पांढरा भाग पाण्यासारखा पसरायचा. औषधाच्या दुकानदारानं न बघताच "सीआरडी हाय" म्हणून पाच दिवसांची पावडर दिली होती. सीआरडी म्हणजे जुनाट श्वसनरोग; आमच्या भागात कोंबडी खोकली की सीआरडी. हे नाव इतकं पसरलंय की आता त्याचा काही अर्थच उरलेला नाही.

माझ्या डोक्यात तीन नावं आली. राणीखेत, आयबी (कोंबड्यांचा संसर्गजन्य ब्राँकायटिस), किंवा फ्लूचा एखादा सौम्य प्रकार. तिन्हींत कोंबडी शिंकते, तिन्हींत अंडी घटतात. सुरकुतलेलं कवच आणि पाण्यासारखा बलकाभोवतीचा भाग आयबीकडे बोट दाखवत होते, पण बोट दाखवणं म्हणजे निदान नव्हे. बाहेरून बघून छातीठोक सांगणारे खूप आहेत. मला ते जमत नाही.

"लस दिली होती?" फॉर्मवरचा रकाना भरताना मी विचारलं.

"सगळ्या. वेळेवर." त्यांनी खिशातली वही काढून तारखा वाचून दाखवल्या. राणीखेतची, आयबीची, देवीची. एकही तारीख चुकलेली नव्हती.

फॉर्मवर 'होय' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. मी 'होय'वर खूण केली आणि त्यांना सांगितलं, "आता मेलेली आणू नका. जिवंत, आजारी कोंबड्या घेऊन या."

'आजारी' हा शब्द मी वापरला. 'नुकतीच आजारी पडलेली' असं म्हणायला हवं होतं. एवढ्या एका शब्दापायी पुढं आठवडा गेला.

चार दिवसांनी ते टोपलीत दोन कोंबड्या घेऊन आले. शेडमधल्या सगळ्यांत वाईट अवस्थेतल्या दोन त्यांनी निवडल्या होत्या. तुरा पांढरा पडलेला, छातीचं हाड वर आलेलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. अंडं देणारी, कालच शिंकायला लागलेली कोंबडी कापायला कोण देईल? पण विषाणू श्वासनळीत पहिले काही दिवसच भरपूर असतो. नंतर तो निघून जातो, आणि त्यानं फोडलेल्या वाटेनं जिवाणू आत शिरतात. मी कोंबडी उघडली तर हृदयावर आणि यकृतावर दह्यासारखा थर साचलेला. त्यातून दोन दिवसांनी प्लेटवर जे उगवलं ते ई-कोलाय. कोणत्याही खंगलेल्या कोंबडीत तेच उगवतं.

रिपोर्ट लिहिताना मी खाली एक ओळ टाकली होती: 'मूळ आजार विषाणूजन्य असण्याची शक्यता, ताजे नमुने आवश्यक.'

आमच्या प्रयोगशाळेचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, त्यांनी ती ओळ पेनानं खोडली.

"नमुन्यात सापडलं ते लिहायचं," ते म्हणाले.

"पण साहेब, हे सापडलंय ते खरं कारण नाही."

"असेल. पण सापडलंय. शक्यता लिहिली की लोक आपल्याला येऊन विचारत बसतात."

रिपोर्ट गेला. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. हवालदार तो घेऊन दुकानदाराकडे गेले आणि दुकानदारानं त्यावर बघून आणखी जोरदार औषध दिलं. हे असंच होणार हे मला रिपोर्टवर सही करतानाच माहीत होतं. तरी मी सही केली.

पुढच्या आठवड्यात सकाळी दहाच्या ठोक्याला फोन आला.

"मॅडम, दुसऱ्या शेडमध्ये सुरू झालं. परवापासून."

"काहीही आणू नका," मी म्हटलं. "मी येते."

साहेबांनी गाडी दिली नाही. नमुने लोकांनी आणून द्यायचे, आपण गोळा करत फिरायचं नाही, हा त्यांचा नियम. मी रजा टाकली. मामांनीही टाकली. त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन मी कडेगावकडे निघाले. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, तोंडाला ओढणी गुंडाळून. डब्यातल्या बर्फाचं पाणी झिरपून माझ्या गुडघ्यावर येत होतं आणि दर दहा मिनिटांनी मी मामांना "जरा पळवा की" म्हणत होते.

हवालदारांची जागा बघून मात्र मी थक्क झाले. रस्त्याच्या दोन्ही कडेला चुना लावलेले दगड ओळीनं मांडलेले. प्रत्येक शेडच्या दारात पाय बुडवायला औषधाचं पाणी. कुठं पिसाचा कण नाही. मी शेकडो पोल्ट्र्या बघितल्यात, एवढी स्वच्छ एकही नाही.

कोंबड्या धरायला त्यांच्या बायको पुढं आल्या. ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला, बोलणं कमी. मी घशातला नमुना घेण्यासाठी काडी बाहेर काढली तेव्हा हवालदार म्हणाले, "करोनात माझ्या नाकात तीनदा घातली हुती. कोंबडीचं काय एवढं!"

"तुम्ही चोच मारत नव्हता," मी म्हटलं.

मी पहिल्या पिंजऱ्याकडे हात केला तसा वहिनींनी माझा हात थांबवला. "ही नको, बाई. हिचा आवाज जुना हाय. ह्या रांगंत सगळ्यांच्या आधी हिलाच झालं." मग कान देऊन त्या पुढं सरकल्या. चौथ्या पिंजऱ्यापाशी थांबून त्यांनी एक कोंबडी अलगद बाहेर काढली. "ही घ्या. ही कालच्यानं शिंकतीय."

बारा कोंबड्या त्यांनी अशा निवडून दिल्या. मला काय हवंय ते मी धड सांगितलंही नव्हतं. घशातले नमुने घेतले, पंखाखालच्या शिरेतून बाराही जणींचं रक्त घेतलं, सगळं बर्फात ठेवलं. वीस वर्षांत इतके चांगले नमुने मला क्वचितच मिळाले असतील.

तिसऱ्या शेडमध्ये आठवड्यापूर्वी आणलेली पिल्लं होती. आजारी शेडमधून निघून पिल्लांत जाऊ नये म्हणून मी ती लांबूनच बघितली. पिवळी, गरम दिव्याखाली गोळा झालेली.

"यांना लस?"

"परवाच दिली आयबीची. पाचव्या दिवशी," हवालदार म्हणाले.

निघताना मी टाकीच्या नळाखाली हात धुतले. पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता. कठड्यावर पांढऱ्या पावडरचा डबा होता, तीच टीसीएल, ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टाकते ती.

"पाण्यात औषध टाकता?"

"रोज. फौजेत शिकलो. निम्मे आजार पाण्यातून येतात, मॅडम. माणूस असो नायतर कोंबडी."

"फार चांगलं करता," मी म्हटलं. "तुमच्यासारखे सगळे असते तर आम्हाला कामच उरलं नसतं."

हवालदारांची छाती फुलली. वहिनी म्हणाल्या, "पान्याचं ह्यांचं लय..." आणि थांबल्या. मी डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावत होते. माझं लक्ष बर्फाकडे होतं.

नमुन्यांचे मी दोन भाग केले. अर्धे पीसीआरसाठी पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचे, अर्धे आपल्याकडे अंड्यांत टोचायचे. पुण्याचं पार्सल गुरुवारी निघालं. सातारा सोडल्यावर घाटात ट्रक उलटून रस्ता बंद पडला, पार्सल शुक्रवारी बंद व्हायच्या वेळेनंतर पोचलं, पुढं जोडून सुट्ट्या आल्या. मंगळवारी मला एका ओळीचा निरोप आला: बर्फ वितळलेला, नमुना तपासणीयोग्य नाही. मी तो फोन टेबलावर इतक्या जोरात ठेवला की कोपऱ्यातली काच तडकली. अजून तोच फोन वापरते.

आता भिस्त आमच्या अंड्यांवर. विषाणू वाढवायला गर्भ धरलेली अंडी लागतात, आणि तीही अशा कोंबडीची जिला कधी लस दिलेली नाही. तशी खास अंडी लांबून मागवावी लागतात, आणि साहेब ती मागवत नाहीत. म्हणून मामा आटपाडीकडच्या वस्त्यांवरून गावठी अंडी आणतात. तिकडच्या परसातल्या कोंबड्यांपर्यंत लस अजून पोचलेली नाही. ही काही पुस्तकातली पद्धत नव्हे, हे मला कळतं. पण उपाशी माणसानं ताट चांदीचं आहे का बघायचं नसतं.

नऊ-दहा दिवस उबवलेली अंडी दिव्यासमोर धरून, आतली लाल शिरांची जाळी बघून, मी त्यांत नमुना टोचला. तीन-चार दिवसांनी आतलं पाणी काढून कोंबडीच्या रक्तपेशींत मिसळलं. राणीखेतचा किंवा फ्लूचा विषाणू असेल तर पेशी एकमेकींना धरून जाळ्यासारख्या पसरतात. नसेल तर खाली घसरून तळाशी लाल बटणासारख्या बसतात. अर्ध्या तासानं बघितलं तर प्रत्येक खळग्यात एकेक स्वच्छ बटण.

राणीखेत मिळालं नाही, फ्लू मिळाला नाही. मला हायसं वाटलं. आयबी उरला. पण आयबीचा विषाणू पहिल्या खेपेला काही दाखवत नाही. एका अंड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात न्यावा लागतो. तेव्हा कुठं गर्भ खुजा आणि मुटकुळं केल्यासारखा वळलेला दिसतो. प्रत्येक खेपेला आठवडा.

दुसऱ्या खेपेच्या मधोमध औद्योगिक वसाहतीतली वीज अकरा तास गेली. इन्व्हर्टरनं चार तासांत मान टाकली. मामांनी अंडी स्वतःच्या शालीत गुंडाळून उन्हाच्या कवडशात ठेवली, पण संध्याकाळी दिव्यासमोर धरली तर एकाही अंड्यात हालचाल नव्हती. पुन्हा पहिल्यापासून.

"मॅडम, आता हवालदारास्नी काय सांगायचं?" मामा म्हणाले.

हवालदारांचा फोन रोज दहाला यायचा. "मॅडम, सद्यस्थिती?" मी रोज "चालू आहे" म्हणायचे. एकदा म्हणाले, "आमच्याकडे दुश्मन कुठल्या टेकडीवर हाय ते दोन तासांत कळायचं." मी म्हटलं, "तुमच्या दुश्मनाला वीज लागत नव्हती." नंतर मला वाईट वाटलं.

महिनाभरानं दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं होतं, त्याच शेडमधलं. आजार येऊन गेल्यावर रक्तातल्या अँटीबॉडी वाढतात. सुरुवातीच्या आणि नंतरच्या रक्ताची तुलना केली की कुठला आजार येऊन गेला ते कळतं. दोन्ही रक्तं एकाच वेळी, एकाच प्लेटवर तपासायची, असं पुस्तकात आहे. साहेबांनाही ते आवडतं, एक प्लेट वाचते. म्हणून पहिल्या खेपेचं रक्त इतके दिवस डीप फ्रीजमध्ये तसंच पडून होतं.

हवालदार आता कंटाळले होते. "मॅडम, त्या कोंबड्या बऱ्या झाल्या. शिंकत न्हाईत. अंडी तेवढी येत न्हाईत. आता रक्त काढून काय उपयोग?" फोन वहिनींनी घेतला. "तुमी सांगा कसं काढायचं. आमच्या गावचा डॉक्टर काढून दील, मी धरते." दुसऱ्या दिवशी हवालदारांच्या त्याच मोटरसायकलवरून, या वेळी थर्मासमध्ये बर्फ घालून, बारा नळ्या आल्या. प्रत्येक नळीवर वहिनींच्या गोल अक्षरात पिंजऱ्याचा नंबर.

मी दोन्ही रक्तं लावली. रक्तात जितक्या अँटीबॉडी, तितका प्लेटवरच्या खळग्याला रंग चढतो. आयबीच्या प्लेटवर नंतरच्या रक्ताचे खळगे गडद पिवळे झाले. म्हणजे आजार आयबीचाच. त्याच आठवड्यात तिसऱ्या खेपेच्या अंड्यांतून दोन गर्भ वळलेले, खुजे निघाले. मामांनी टाळी वाजवली. दीड महिन्यानं का होईना, उत्तर मिळालं होतं.

पण मी प्लेटच्या दुसऱ्या बाजूकडे बघत राहिले. पहिल्या रक्ताचे खळगे. त्यांत रंग जवळजवळ नव्हताच. आजार नुकता सुरू झाला होता, हे खरं. पण या कोंबड्यांना आयबीची लस दोनदा दिलेली होती. थोडा तरी रंग हवा होता. मी त्याच रक्तावर राणीखेतची तपासणी लावली. तिथं अँटीबॉडी भरपूर.

एक लस लागली होती, एक लागली नव्हती. मी वहीतल्या तारखा पुन्हा बघितल्या आणि फोन लावला.

"हवालदार, राणीखेतची लस कशी दिली होती?"

"सुईनं. माणूस आला होता."

"आणि आयबीची?"

"पाण्यातून."

"कुठल्या पाण्यातून?"

"टाकीतल्या. आपलं शुद्ध पाणी, मॅडम. तुमी बघितलं की."

आयबीची लस म्हणजे जिवंत, दुबळा केलेला विषाणू. ती टीसीएलच्या, म्हणजे क्लोरीनच्या पाण्यात टाकली की काही मिनिटांत मरते. ज्या पाण्याचं मी तोंडभरून कौतुक केलं, त्यानंच प्रत्येक वेळी लस मारून टाकली होती. कोंबड्या नुसतं पाणी प्यायल्या होत्या.

"तुम्ही दोघं या," मी म्हटलं. "फोनवर नको."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी सगळं सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर हवालदार बायकोकडे न बघता म्हणाले, "ही म्हनत हुती. लस टाकायची तर विहिरीचं पाणी काढू. वास येतोय म्हनत हुती."

त्यांनी खिशातली लसीच्या तारखांची वही काढून टेबलावर ठेवली.

"मीच म्हटलं, विहिरीत पानं पडत्यात, घाण पाणी कोंबडीला न्हाई द्यायचं." ते उठले, बाहेर गेले आणि मोटरसायकलपाशी पाठ करून उभे राहिले.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "बाई, हे तुमी पहिल्या दिशीच का न्हाई इचारलं?"

"फॉर्मवर तो रकाना नाही, वहिनी. लस दिली का, एवढंच आहे."

"कागदावर न्हाई म्हनून तोंडानं न्हाई इचारायचं व्हय?"

त्या पुढं म्हणाल्या, "ते पोतं घिऊन आले तवा पिल्लं यायची हुती. तवाच कळलं असतं, तर पिल्लांस्नी तरी विहिरीच्या पाण्यात दिली असती."

पिल्लं. इतक्या दिवसांत मी त्यांचा विचारच केला नव्हता.

"पिल्लं कशी आहेत?"

"शिंकली. पंधरा दिसाची असताना. चार दिवसांत बरी झाली. आता उड्या मारत्यात. म्हनून सांगितलं न्हाई."

मी काहीतरी बोलले. बघू, लक्ष ठेवा, असं. त्या कोवळ्या वयात आयबी झाला तर काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. पण मी ते त्या दिवशी सांगितलं नाही. नक्की नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण असं की त्या प्रश्नानंतर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग श्रावणात फोन आला. दहा वाजता नाही, दुपारी. "मॅडम, कोंबड्या वयात आल्यात. पण अंडं न्हाई."

या वेळी साहेबांना न विचारताच गेले. तिसऱ्या शेडमध्ये ओळीनं बसलेल्या त्या कोंबड्या इतक्या सुंदर होत्या की कुणीही फसावं. तुरे लालभडक, पिसं चकचकीत, डोळे स्वच्छ. शेजारच्या गावातली त्याच वयाची पाखरं अंड्यावर येऊन महिना झाला होता. इथं अंडी घरंगळून येतात त्या पन्हाळीत मोजकीच अंडी.

एक कोंबडी कापून बघायला लागणार होती. वहिनी आत निघून गेल्या. हवालदारांनीच धरली. पोट उघडलं तर अंडाशयात पिवळ्या गोळ्या द्राक्षाच्या घडासारख्या तयार, पण त्यांना बाहेर न्यायची नळी नव्हती. तिच्या जागी पाण्यानं भरलेली पातळ पिशवी; कोवळ्या वयातल्या आयबीनं ती नळी वाढूच दिली नव्हती. वरून सुटलेला बलक पोटातच सांडलेला. मी तीन कोंबड्या उघडल्या, तिन्ही तशाच.

"ह्या कधीच घालणार न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"ज्यांची नळी अशी झाली त्या नाही."

"औषध?"

"नाही."

त्यांनी वाकून ती पाण्याची पिशवी बोटानं दाबून बघितली. मी वाट बघत होते की आता तरी हा माणूस मला काही बोलेल. एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमी एवढ्या लांबनं आला. जेवून जावा." मी जेवले. भाकरी, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. वहिनी शांतपणे वाढत होत्या.

तो लॉट मांसासाठी गेला. दोन शेड त्यांनी बंद केल्या. एकीत आता शेळ्या आहेत.

मी साहेबांकडे नवा फॉर्म करून नेला. लस कशातून दिली, पाणी कुठलं, त्यात काय टाकता, असे तीन रकाने वाढवून. त्यांनी तो चष्मा सरकवून वाचला. "लोक एवढं भरणार आहेत का?" म्हणाले, आणि फाइलमध्ये ठेवला. तो अजून फाइलमध्येच आहे. मी तोंडी विचारते. "पाणी कुठलं देता?" असं विचारलं की समोरचा म्हणतो, "चांगलं देतो की." चांगलं म्हणजे काय, हे खोदून विचारायला लागलं की रांगेतला मागचा माणूस उसासा टाकतो. कुणी म्हणतो, "मॅडम, कोंबडी खोकतीय, पाण्याचं काय घिऊन बसलाय?" काही जण खोटंही सांगतात. नमुने अजूनही गरम येतात. मी अजूनही ओरडते.

राहिलेल्या एका शेडमध्ये नवी पिल्लं आणली ती वहिनींनी. या वेळी लसीचा कारभार त्यांनी नवऱ्याकडून काढून घेतला. पाण्यातून द्यायचीच नाही म्हणाल्या. शेजारच्या चार बायका बोलावल्या, आणि एकेका पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकायला बसल्या. मध्येच मला फोन केला.

"बाई, थेंब आत गेला का भाईर सांडला, कसं वळखायचं?"

"टाकल्यावर लगेच सोडू नका. पिल्लू डोळा मिटतं आणि थेंब दिसेनासा होतो. मग सोडा."

"थांबा." पलीकडे पिल्लांचा कलकलाट. मग त्यांचा आवाज, फोनपासून लांब, बायकांना सांगत असलेला, "सोडू नगा गं लगीच. डोळा मिटू द्या." आणि पुन्हा जवळ, "मिटलं. आनि काय इचारायचं ऱ्हायलंय का तुमचं?"

मी विचारलं. लसीची बाटली बर्फातून आणली का, उघडून किती वेळ झाला, हातांना साबण कुठला लावला. त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं, न वैतागता. त्या लॉटनं वेळेवर अंडी घातली, असं मला मामांकडून कळलं. हवालदारांचा फोन पुन्हा आला नाही.